ईवायएस जनुक आणि झेब्राफिश: पाचव्या दिवसाच्या दृष्टीचाचणीचा बेत बरोबर आहे का?

शाहूपुरी_चौथी_गल्ली

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पीएचडीचा आराखडा लिहितोय. समितीपुढं ठेवण्याआधी जाणकारांच्या नजरेखालून जावा म्हणून इथं टाकतोय.

रेटिनायटिस पिगमेंटोजा (दृष्टिपटल हळूहळू झिजवणारा आनुवंशिक रोग) असलेलं एक कुटुंब आहे. नवरा-बायको मामे-आते नात्यातले. तीन मुलांपैकी दोघांना विशीच्या आत रातांधळेपणा सुरू झाला, आता बाजूचं दिसणंही कमी होतंय. एक्झोम तपासणीत (सगळ्या जनुकांचे प्रथिन घडवणारे भाग वाचतात ती) दोघांतही ईवायएस जनुकात एक मिसेन्स बदल, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारा, होमोझायगस, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत, सापडला, पण अहवालात शेरा 'अर्थ अनिश्चित' असा आहे. उंदरात हे जनुकच नाही, झेब्राफिशमध्ये आहे, म्हणून मासा निवडला.

बेत असा: मत्स्यालयाच्या दुकानातून झेब्रा डॅनिओ आणायचे, अंडं एका पेशीचं असताना मॉर्फोलिनोनं (आरएनएला चिकटून जनुक तात्पुरतं गप्प करणारा रेणू) किंवा क्रिस्परनं (डीएनए कापून) ईवायएस बंद करायचं, रंगद्रव्य आडवं येऊ नये म्हणून पीटीयू घालायचं, आणि पाचव्या दिवशी फिरत्या पट्ट्यांपुढं पिलांचे डोळे हलतात का, म्हणजे ओकेआर, बघायचा. नजर मंदावली तर बदल रोगकारक ठरला.

मॉर्फोलिनो घ्यावं की क्रिस्पर? ओकेआरवर भागेल का? आणि वर्षभरात होईल का?

दंड_शंकू

वर्षभरात होणार नाही, हे आधीच सांगतो. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण बेतात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत.

जनुक बंद केलं आणि मासा आंधळा झाला, तर एवढंच कळतं की डोळ्याला त्या जनुकाची गरज आहे. ईवायएसबद्दल हे माणसात २००८ पासून माहीत आहे आणि माशाचे म्युटंट करूनही झालेत. तुमच्या कुटुंबातल्या एका अमिनो आम्लाच्या बदलाबद्दल त्या प्रयोगातून काहीच हाती लागत नाही. परीक्षकांचा पहिला प्रश्न हाच असणार.

म्हणून माशाला हात लावण्याआधी कागदावरची कामं उरका. आई-वडील दोघंही वाहक आहेत का, आणि निरोगी मुलात काय आहे, हे सँगर सिक्वेन्सिंगनं, म्हणजे तेवढाच तुकडा वाचून, बघा. ईवायएस अवाढव्य आहे, जीनोमवर जवळजवळ २० लाख बेस इतकी जागा त्यानं अडवलीय, आणि अख्खे एक्झॉन (जनुकाचे प्रथिन घडवणारे तुकडे) गळालेले रुग्ण त्यात वरचेवर सापडतात. एका गुणसूत्रावर मिसेन्स आणि दुसऱ्यावर तोच एक्झॉन गायब असेल, तरी एक्झोमच्या अहवालात तो मिसेन्स होमोझायगसच दिसतो. नात्यातलं लग्न म्हटलं की आपण पुढं बघतच नाही, इथंच फसगत होते. आई-वडिलांपैकी एकातच तो बदल सापडला तर गळालेला एक्झॉन एमएलपीएनं (एक्झॉनच्या प्रती मोजणारी चाचणी) शोधा. मग नोमॅडमध्ये (असंख्य माणसांच्या जनुकबदलांचा माहितीसाठा) त्या बदलाचं प्रमाण बघा. निरोगी माणसांत तो होमोझायगस असेल तर विषय तिथंच संपला.

शेवटची तपासणी फुकटातली: माशाच्या प्रथिनात त्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे? माणूस, कोंबडी, बेडूक, मासा अशी प्रथिनं एकाखाली एक मांडा. त्या जागी माशात मुळातच रुग्णाचं अक्षर असेल, किंवा तो पट्टाच जुळत नसेल, तर या बदलासाठी मासा उपयोगाचा नाही.

आता पाचव्या दिवसाबद्दल. झेब्राफिशच्या पिलाचा ओकेआर अंडं फलित झाल्यापासून ७३ ते ८० तासांत सुरू होतो आणि पाचव्या दिवशी पक्का असतो, म्हणून ही चाचणी सगळ्यांच्या आवडीची. पण त्या वयात पिलू जे बघतं ते शंकूपेशींनी, म्हणजे उजेडात आणि रंग बघणाऱ्या पेशींनी. मंद उजेडात बघणाऱ्या दंडपेशी जागेवर असतात, दृष्टीला त्यांचा खरा हातभार लागायला साधारण १५ ते २० दिवस उलटावे लागतात. रातांधळेपणानं सुरू होणाऱ्या रोगासाठी तुम्ही दिवसाउजेडाच्या नजरेची परीक्षा घेताय. त्यात ईवायएस गेलेल्या माशात पेशी हळूहळू झिजतात, आणि माणसापेक्षा चित्र वेगळं आहे: शंकूपेशींना फटका लवकर बसतो, म्हणजे कोन-रॉड डिस्ट्रॉफीच्या जवळचं. पाचव्या दिवशी पिलू ठणठणीत निघालं तर त्यावरून काहीच ठरत नाही. मंद निघालं तर आधी इंजेक्शनच्या इजेचा संशय घ्या.

पाचव्या दिवसाची चाचणी शोभते ती शंकूपेशींच्या जनुकांना. जीनॅट२ गेलेला 'नॉफ' म्युटंट किंवा पीडीई६सीचा म्युटंट घ्या. माणसात ही दोन्ही जनुकं जन्मजात रंगांधतेची, अॅक्रोमॅटॉप्सियाची. उंदराच्या प्रकाशग्राही पेशींत शंकूपेशी जेमतेम ३ टक्के, तो रात्रीचा प्राणी. झेब्राफिश दिवसाचा, लाल, हिरवा, निळा आणि अतिनील अशा चार तऱ्हेच्या शंकूपेशी बाळगणारा. मासा का घ्यायचा याचं खरं उत्तर हे आहे, नुसतं 'उंदरात जनुक नाही' एवढं नाही.

मॉर्फोलिनो सोडा. त्याचा असर तीन ते पाच दिवस टिकतो, तुमचा रोग महिन्यांचा. शिवाय मात्रा थोडी चढली की पी५३च्या वाटेनं पेशी मरतात आणि डोळे लहान होतात. लहान डोळा हा म्युटंटचा गुण समजून लिहिलेले निबंध कमी नाहीत.

क्रिस्परमध्येही एक खाच आहे. मध्येच थांबा-कोडॉन (प्रथिन तिथंच तोडणारी खूण) आला की पेशी तो आरएनए मोडून टाकते, आणि त्या तुकड्यांमुळं कधी कधी सारख्या क्रमाची दुसरी जनुकं जोर धरतात, म्युटंट निरोगी दिसतो. संशय आला तर प्रमोटरच (जनुक सुरू करणारा भाग) उडवलेला दुसरा वाण करा, म्हणजे आरएनएच बनत नाही.

'माणसाचा आरएनए टोचून म्युटंट बरा होतो का बघा' असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. ईवायएसचा कोडिंग भागच ९ हजार बेसांहून लांब, एवढा आरएनए अखंड बनवणं अवघड, आणि टोचलेला आरएनए चार-पाच दिवसांत संपतो. झीज दिसायच्या महिन्यात त्याचा मागमूसही नसतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे तोच बदल माशाच्या जनुकात बसवणं, बेस एडिटरनं (डीएनएचं एक अक्षर बदलणारं साधन) किंवा एकेरी धाग्याचा डीएनए साचा देऊन. एक वाण जनुक बंद केलेला, दुसरा तो बदल बसवलेला, दोन्ही एकाच वयाला शेजारी शेजारी तपासायचे.

हिशेब धरा: टोचलेली पिढी मोठी व्हायला तीन महिने, न बदललेल्या वाणाशी जुळवून पुढची पिढी आणखी तीन महिने, त्यातले वाहक एकमेकांत जुळवल्यावर होमोझायगस मिळणार. मग त्यांना किमान सहा-आठ महिने वाढवायचं. दीड वर्ष लिहा.

टाकीवाला

वरचं सगळं बरोबर. मी पाण्याचं आणि टोचण्याचं सांगतो, कारण कामं तिथंच बसतात.

दुकानातले मासे नुसता हात बसवायला घ्या. त्यांत लांब शेपटीचे आणि चमकणारे रंगीत नकोत. पन्हाळा-राधानगरीकडच्या ओढ्यातला पट्ट्यांचा मासा उचलून आणू नका, तो बहुधा देवारिओ निघतो, वेगळीच जात. खऱ्या प्रयोगाला नोंद असलेला वाण पुण्यातल्या आघारकर संस्थेसारख्या किंवा हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळेकडं मागून बघा. ठरलेले म्युटंट ओरेगॉनमधल्या झिर्कच्या साठ्यात असतात आणि झेडफिन या संकेतस्थळावर त्यांची यादी मिळते. दुकानच्या माशात क्रमाचे फरक इतके असतात की गाईड आरएनएच्या (कुठं कापायचं ते दाखवणारा) २० अक्षरांत किंवा शेजारच्या पॅममध्ये (कापण्यासाठी लागणारी छोटी खूण) एक अक्षर बदललं तरी कॅस९ (कापणारं प्रथिन) तिथं कमी कापतं किंवा कापतच नाही. मग महिनाभर सुईला, एंझाइमला, नशिबाला दोष देत बसायचं. लक्ष्याभोवतीचे ५०० बेस आपल्याच आठ-दहा माशांत वाचून घ्या आणि मगच गाईड मागवा.

पाणी: नळाचं पाणी थेट नको, क्लोरीन कल्ल्यांना जाळतं. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ घालून वाहकता ५०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास आणा, खाण्याच्या सोड्यानं पीएच ७.२ ते ७.५ ठेवा. तापमान २८, लिटरला पाच मासे. २०१९ च्या पुरात शहराचा पाणीपुरवठा कित्येक दिवस बंद होता, तेव्हा जुलै लागायच्या आत आठवडाभराचं तयार पाणी झाकून ठेवलेलं बरं.

दिवे १४ तास चालू, १० तास बंद. टायमर बॅटरीचा घ्या. साधा काट्याचा टायमर वीज गेली की तेवढा मागं पडतो, आणि मासे अंडी देतात ती दिवे लागल्यावर. तीन वेळा वीज गेली की तुमची पहाट दुपारी उगवते.

संध्याकाळी नर-मादी पडदा घालून ठेवा, सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढा, पंधरा-वीस मिनिटांत अंडी गोळा करा. पहिली पेशी पाऊण तासात दुभंगते, टोचणं त्याच्या आत. कॅस९ प्रथिन ५०० नॅनोग्रॅम आणि गाईड १२० नॅनोग्रॅम दर मायक्रोलिटरला, पोटॅशियम क्लोराइड ३०० मिलिमोलर, थोडा फेनॉल रेड. ३७ अंशाला १० मिनिटं ठेवा आणि वापरा. मीठ कमी पडलं तर प्रथिन गोळा होऊन सुई तुंबते. थेंब तेलात सोडून मोजा: व्यास ०.१२५ मिलिमीटर म्हणजे १ नॅनोलिटर. सरावाला टायरोसिनेज जनुकाचं गाईड घ्या, साधलं तर दोन दिवसांत पिलू बिनरंगाचं दिसतं, सिक्वेन्सिंगचा खर्च नाही.

अंड्यांचं पाणी म्हणजे ई३, साठपट तीव्र करून ठेवा. लिटरला मीठ १७.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७६, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.९, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९ ग्रॅम. वापरताना १६.७ मिली घेऊन एक लिटर करा, बुरशीसाठी ०.१ टक्के मिथिलीन ब्लू १ मिली. ९० मिलिमीटरच्या बशीत ५०-६० अंडी, जास्त नको. मेलेली अंडी त्याच दिवशी काढा.

आणि इन्क्युबेटर पाहिजेच, २८.५ अंशाचा. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्रीचा पारा १४-१५ वर येतो, खोलीही गार पडते. २५ अंशाला १२० तास वाढलेलं पिलू खरं ९७ तासांचं असतं. २२ अंशाला ठेवलं तर ते ७७ तासांचं, म्हणजे ओकेआर नुकता सुरू होत असतो. तुमचा नियंत्रण गट वरच्या फळीवर आणि टोचलेला खालच्या फळीवर असेल, तर तेवढ्या फरकानंच 'रोग' सापडेल.

बाहेरून आणलेल्या माशांना महिनाभर वेगळं ठेवा. त्यांची अंडी साधारण २४ तासांची झाली की १७० मिली पाण्यात ५ टक्के हायपोक्लोराइट ०.१ मिली टाकून पाच मिनिटं बुडवा, धुवा, पुन्हा एकदा. आत आणायची ती ही अंडी. मोठा मासा मुख्य टाक्यांत आणायचा नाही.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

भरपूर मिळालं, आभारी आहे. पाचव्या दिवसाचा भाग आराखड्यातून काढतोय. मग मोठ्या माशात झीज नेमकी कुठं आणि कशी मोजायची? दुसरं, अंधारातली चाचणी डार्करूमच्या लाल दिव्यात केली तर चालेल ना?

बारा_मायक्रॉन

काप घेण्याबद्दल लिहितो. माशाच्या डोळ्यात ज्या चुका होतात त्या उंदराच्या डोळ्यात होत नाहीत.

माशाचा दृष्टिपटल आयुष्यभर वाढतो. भिंगाजवळच्या कडेच्या पट्ट्यातून नव्या पेशी येतच राहतात, त्यामुळं कडेचा भाग कायम तरुण. आठ महिन्यांच्या म्युटंटच्या कडेचा काप घेतला तर सगळं छान दिसणार, कारण त्या पेशी काही आठवड्यांच्याच असतात. झीज मोजायची ती मध्यभागी, नेत्रचेतेच्या शेजारी, सगळ्यात जुन्या पेशींत. ज्या कापात नेत्रचेता दिसत नाही तो मोजणीतून बाद. तिरका काप पेशींचा थर फुगवून दाखवतो, तोही बाद.

दुसरी अडचण डागडुजीची. माशात मुलर पेशी (दृष्टिपटलातल्या आधारपेशी) जाग्या होऊन मेलेल्या प्रकाशग्राही पेशींच्या जागी नव्या घडवतात, आणि दंडपेशींची भर तर निरोगी डोळ्यातही चालूच असते. त्यामुळं रोज मरणाऱ्या आणि रोज भरणाऱ्या पेशी मिळून आकडा जागच्या जागी राहू शकतो. केंद्रकं नुसती मोजून 'झीज नाही' म्हणू नका. त्याच डोळ्याच्या शेजारच्या कापांवर मरणाऱ्या पेशींसाठी ट्युनेल आणि विभागणाऱ्यांसाठी पीसीएनए करा. दोन्ही वाढलेले आणि आकडा तोच, म्हणजे झीज आहे, फक्त भरून निघतेय. याच डागडुजीसाठी माशाला डोक्यावर घेणारे पुष्कळ आहेत. सावकाश झिजणाऱ्या रोगाच्या अभ्यासात मात्र ती डोकेदुखी.

पेशी मरायच्या आधीची खूण बघायला शिका. ऱ्होडॉप्सिन (दंडपेशीतलं उजेड टिपणारं प्रथिन) बाह्यखंडात, म्हणजे पेशीच्या उजेड टिपणाऱ्या टोकात, असायला हवं, ते पेशीच्या अंगात उतरलेलं दिसलं की गडबड सुरू झाली. ईवायएस म्युटंटमध्ये बाह्यखंडातली प्रथिनं अशी जागा सोडतात. झेडपीआर-१ प्रतिपिंड लाल-हिरव्या जोडशंकूंना धरतं, दंडपेशींना ४सी१२. दोन, चार, सहा आणि आठ महिने, प्रत्येक वयाला त्याच खेपेच्या अंड्यांतली निरोगी भावंडं सोबत.

डोळा काढायची वेळ ठरवून टाका. उजेडात शंकूपेशी आखडतात, दंडपेशी लांबतात आणि मागच्या थरातलं रंगद्रव्य पुढं पसरतं, अंधारात सगळं उलटं. एक मासा सकाळी सातला आणि दुसरा दुपारी मारला तर बाह्यखंडाच्या लांबीची तुलना फुकट गेली. दिवे लागून चार तास झाल्यावर, सगळे एकाच वेळी.

मोठ्या डोळ्याच्या पारपटलाला बारीक छेद द्या, नाहीतर फिक्सेटिव्ह आत पोचत नाही. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ४ अंशाला रात्रभर. भिंग कापण्याआधी काढा, ते सुरीखाली दगडासारखं निसटतं आणि दृष्टिपटल फाडतं. मग ३० टक्के साखरेत डोळा तळाला जाईपर्यंत ठेवा, गोठवा, १२ मायक्रॉनचे काप.

दंड_शंकू

लाल दिवा अजिबात नको. डार्करूमचा लाल दिवा उंदीरवाल्यांची सवय आहे. झेब्राफिशला लाल शंकूपेशी आहेत, त्याच्या दृष्टीनं ती उजेड असलेली खोली. ८५० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी आणि अवरक्त गाळणी काढलेला कॅमेरा घ्या, सीसीटीव्हीच्या सुट्या भागांत हे स्वस्तात जमतं.

मोठ्या माशाची चाचणी साधी असते. गोल पारदर्शक भांडं, बाहेर फिरणारं पांढरं पिंप, त्यावर एक काळा पट्टा. दिसणारा मासा पट्टा जवळ आला की वळून पळतो. आधी अंधारात किमान अर्धा तास, मग अगदी मंद उजेडापासून पायरीपायरीनं वाढवत जायचं आणि कोणत्या पायरीला मासा पळू लागतो ते टिपायचं. दंडपेशींची कमतरता या उंबरठ्यावर दिसते. ली आणि डाउलिंग यांनी १९९७ साली रातांधळे मासे असेच निवडून काढले होते.

पाचव्या दिवसाची ओकेआर पुरती टाकू नका. तुमची मांडणी चालते हे दाखवायला पीडीई६सीवर तीन गाईड एकदम टोचून पिलं करा, ती मंद निघाली पाहिजेत. ३ टक्के मिथाइलसेल्युलोजमध्ये पिलू पाठ वर करून ठेवा, एक काळी आणि एक पांढरी पट्टी मिळून २० अंश, वेग सेकंदाला १० ते २० अंश. या पिलांना पीटीयू घालू नका. ते थायरॉइड दाबतं, डोळा लहान राहतो, आणि मागच्या थराचं रंगद्रव्य गेलं की आत शिरलेला उजेड इकडंतिकडं पसरतो. पीटीयू फक्त सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसाठी.

डोळे हलत नाहीत म्हणजे पिलू आंधळंच, असं नाही. बशीवर टिचकी मारा, पिलू दचकून पळालं पाहिजे. पोटातला हवेचा फुगा भरलाय का बघा, न भरलेलं पिलू तळाशी पडून राहतं आणि हालचालीच्या प्रत्येक चाचणीत नापास होतं.

टाकीवाला

पुरवणी. पाचव्या-सहाव्या दिवशी बलक संपतो आणि पिलाला शिकार दिसावी लागते. न दिसणारी पिलं आठव्या ते बाराव्या दिवसात उपाशी मरतात, आणि वहीत 'म्युटंट जगत नाही' अशी नोंद होते. त्यांना भावंडांपासून वेगळं काढा आणि दर हजार भागांना ५ भाग क्षार असलेल्या पाण्यात रोटिफर (अगदी सूक्ष्म जलजीव) इतके दाट सोडा की तोंडाशी आपोआप येतील. बदल बसवलेल्या वाणालाही हेच करा, नजर थोडी कमी असली तरी स्पर्धेत ती मागं पडतात.

आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मान्यता, तसंच जनुक बदललेल्या जिवांसाठी जैवसुरक्षा समितीची मान्यता, या दोन्ही आधी. टाकीचं पाणी ब्लीच करूनच गटारात. इथलं गटार शेवटी पंचगंगेलाच मिळतं.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

एकच राहिलं. एका वयाला २० होमोझायगस मासे हवे असतील तर किती वाढवायचे?

बारा_मायक्रॉन

वाहक गुणिले वाहक, चौथाई होमोझायगस. ८० वाढवले तर सरासरीनं २०, म्हणजे निम्म्या वेळा कमीच पडणार. मध्ये मरणारेही धरा. १२० वाढवा, किमान तीन वेगवेगळ्या जोड्यांचे, कारण एकाच जोडीची २० पिलं आकडेवारीत २० मोजली जात नाहीत. दोन महिन्यांचे झाल्यावर शेपटीचा छोटा तुकडा ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशाला २० मिनिटं, मग दहावा भाग ट्रिस, आणि पीसीआर. प्रकार कळल्यावर टाकीवर म्युटंट असं लिहू नका, नुसता क्रमांक लिहा. काप मोजणाऱ्याला तो क्रमांकच दिसला पाहिजे.